खिंडीतलं टाकं आणि दादाचं पुस्तक

मुक्काम एकोणीस,
ता. २ एप्रिल

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. वि. वि. लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, पण विनंती कसली, तक्रारच आहे.

तुझं पुस्तक पोचलं. पोस्टाच्या गाडीवाल्याने पुडकं पायरीवर टाकलं तेव्हा मला वाटलं फरशी पाठवलीस. बंदरापासून बर्फाच्या डोंगरापर्यंत साठ दिवसांची पायवाट, तिच्यावर मैलाचे साडेसहाशे दगड, आणि दगडागणिक तुझी एक गोष्ट. कोण कुठे बसला, कोण कुठे घसरला, कुठल्या पुलाखाली कुणाचं भांडण झालं. रिटायर झाल्यावर लोक बागेत बाकावर बसतात, तू दगड गोळा करत बसलास. मी चौथीत शाळा सोडली ती इथल्या वाटसरूंची भांडी घासायला, तेव्हा मला तुझ्यासारखं भराभर वाचता येत नाही. बोट ठेवून वाचते. भांडी झाली की रोज दोन पानं.

पान एकशे बहात्तरवर मीच निघाले. तू लिहिलंयस की खिंडीतलं दगडी टाकं ऐन उन्हाळ्यातही आटत नाही, आणि मुक्काम एकोणीसमधल्या एका स्थानिक महिलेने ते जन्मात कोरडं पाहिलेलं नाही. स्थानिक महिला! सख्खी बहीण लिहिताना शाई संपली होती का? गोष्ट खरी आहे, ती मीच सांगितली. मोठी झाले ती त्याच टाक्याच्या खाली. पण नाव नाही, गाव नाही, महिला म्हणे.

ह्यांचं तसंच आहे. उजवी बाजू गेली ती गेलीच, वाचाही गेली. डाव्या हाताने खुणा करतात. दिवसभर कोपऱ्यातल्या दोन पत्र्याच्या डब्यांकडे बोट. बाबांमागे ह्यांनी वाटेची रखवाली घेतली तेव्हापासून त्याच डब्यांतून दगडांना लावायचा चुना वर न्यायचे. मी सांगते, अहो, या साली दगड पांढरे नाही झाले तर कुणाचं अडलंय? मग भिंतीकडे तोंड फिरवतात. खेचर मी जानेवारीतच खाणवाल्याला देऊन टाकलं, चारा कोण घालणार होतं? तेव्हापासून तर माझ्याशी नजर मिळवत नाहीत. माणूस बोलता होता तेव्हा गप्प बस म्हणायचे मी.

भिंगरी बंदराहून एकटी निघाली असं तुझ्या चिठ्ठीत होतं. नोकरी सोडून चालायला निघालेली पोर आणि तिला नकाशा बांधून देणारा बाप, दोघांनाही एकाच दोरीने बांधलं पाहिजे.

लोभ ठेव. आणि ठेवणारच असशील तर सोबत एक जाड चादर पाठव, ह्यांना गार लागतं.

धाकटी

•

मुक्काम सात,
ता. ९ एप्रिल

ती. आत्यास,

शि. सा. न. आणि काकांना पण, त्यांच्या डाव्या हाताला.

ही चिठ्ठी एका लांब टांगांच्या सुतारकाकांबरोबर देते आहे. ते दिवसाला दोन-दोन मुक्काम मारतात, माझ्या कितीतरी आधी तुझ्याकडे पोचतील. या वाटेवर टपाल असं हातोहात पुढे जातं हे बाबांच्या पुस्तकात आहे, आणि ते खरं निघालं. सगळंच निघत नाही हं! मी एक वही केली आहे, एका बाजूला बाबा काय म्हणतात, दुसऱ्या बाजूला काय दिसलं.

पंचेचाळिसाव्या दगडापाशी वाट एका न्हाव्याच्या दुकानातून जाते हे खरं. दुकान मागाहून बांधलं, वाट आधीची, म्हणून पुढच्या दाराने आत आणि मागच्या दाराने बाहेर जायचा आपला हक्क आहे. आम्ही चौघं पाठीवर गाठोडी घेऊन आत शिरलो, तर न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलला, आम्ही जाईपर्यंत हवेत धरला, आणि परत टेकवला. पुढे एक्क्याण्णव नंबरचे दोन दगड आहेत हेही खरं. पहिला एका बाईने कपडे धुवायला नेला होता, सरकारने नवा बसवला, तेवढ्यात बाईने लाजून जुना परत आणून लावला. पण पुलाची गोष्ट साफ खोटी. बाबा लिहितात की दोन गावांच्या भांडणात मधला दगड काढून टाकला. तिथल्या म्हाताऱ्याने सांगितलं की दगड पुरात गेला, भांडायला तिकडे कुणी राहतच नव्हतं.

मला सगळ्यात उत्सुकता आहे ती तुझ्या टाक्याची. अठरापासून तुझ्यापर्यंतचे दोन दिवस सगळे घाबरवतात, उघडा डोंगर, सावली नाही, वाटेत पाणी फक्त तिथे. लोक पाच-पाच बाटल्या उचलतात म्हणे. मी एकच घेणार. बाकीच्यांनी पुस्तकावर विश्वास ठेवला नाही तरी पोरीने ठेवायला नको? मेच्या पहिल्या आठवड्यात तुझ्या पायरीवर असेन. खायला काहीही कर, पण खूप कर.

तुझा ओरडा खायला आतुर,
भिंगरी

•

मुक्काम एकोणीस,
ता. १७ एप्रिल

ती. दादास,

नमस्कार. कुशल वगैरे नंतर. आधी हे वाच, आणि उभ्याने वाच.

टाकं कोरडं आहे.

काल दुपारी सुतार आला, थंडीनंतर खिंड उतरून आलेला पहिलाच माणूस. तो येताना खिडकीतून दिसला तेव्हा मला वाटलं दारू प्यालाय. पायरीवर बसला, भिंगरीची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली आणि तिथेच आडवा झाला. ओठ फुटून रक्त सुकलेलं. तांब्याभर पाणी घोट घोट पाजलं तेव्हा कुठे तोंड उघडलं, आणि उघडलं ते तुला शिव्या द्यायला. टाक्याच्या तळाला वाळकी पानं आणि एक मेलेला सरडा, दुसरं काही नाही म्हणाला. पोरीने पुस्तक दाखवलं म्हणून त्यानेही एकच बाटली घेतली होती.

मी तशीच आत गेले. हे जागे होते, सगळं ऐकलं होतं. आमचं ठरलंय, हो असेल तर माझा हात दाबायचा, नाही असेल तर सोडायचा. मी विचारलं, टाकं सुकलंय हे तुम्हाला ठाऊक होतं का? दाबला. दरवर्षी सुकतं का? दाबला. मग मी त्या डब्यांकडे पाहिलं, दादा. विचारलं, यातून चुना न्यायचात की पाणी? चुना म्हटल्यावर सोडला, पाणी म्हटल्यावर दाबला. सव्वीस वर्षं हा माणूस आठवड्यातून दोनदा खेचर घेऊन दगड रंगवायला जातो सांगून खिंडीत पाणी ओतून येत होता, आणि मी त्याला म्हणायचे की एवढे दिवस लागतात तर दगड काय जिभेने रंगवता? शेवटी विचारलं, बाबाही न्यायचे? असा दाबला की माझ्या बोटांवर वळ उठले. मग रडायला लागले. चार महिने हेच सांगत होते ते. मी ऐकत नव्हते.

तर असं आहे ते तुझं न आटणारं टाकं. झरा पावसाळ्यापुरता ठिबकतो, बाकी आपल्या घरचे पुरुष.

मी खोटं नव्हतं सांगितलं, मी कधी कोरडं पाहिलं नाही हे खरंच. पण तू ते छापलंस. इथून वर जाणाऱ्यांच्या बाटल्या मी जबरदस्तीने भरून देते, तरी माझ्याकडे दयेने बघतात. काल एका नवराबायकोला सांगितलं की वर पाणी नाही, तर त्यांनी मलाच पुस्तक उघडून दाखवलं, की मावशी, इथल्याच एका बाईने सांगितलंय बघा. मी ओरडले की अहो, ती बाई मीच! तर खूश झाले. मला दारात उभं करून फोटो काढला आणि तसेच गेले.

पण इथले जगतील. मेले तर ते पलीकडून येणारे. अठरापासून दीड दिवस चालून टाक्यापाशी पोचायचं, आणि तिथे सरडा. तुझी पोर एक बाटली घेऊन येणार आहे. कळलं? एक. पुस्तक थांबव. पोरीला थांबव. कसं ते मला विचारू नकोस, शिकलेला तू आहेस.

चादर मिळाली. लोभाचं पुढच्या वेळी लिहीन.

धाकटी

•

ता. २३ एप्रिल

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र उभ्यानेच वाचले. नंतर बसून पुन्हा वाचले.

तू घाबरली आहेस हे मी समजू शकतो, परंतु एका वाटसरूच्या सांगण्यावरून आणि आजारी माणसाने हात दाबण्यावरून एवढा निष्कर्ष काढणे बरे नव्हे. अशा आजारात माणूस कशालाही हो म्हणतो. माझे पुस्तक ऐकीव गोष्टींवर उभे नाही. मी खात्याच्या दप्तरात बावन्न वर्षांपूर्वीची नोंद स्वतः पाहिली आहे. वाट आखणारे अधिकारी भर उन्हाळ्यात खिंडीत गेले, काठीने पाणी मोजले, कमरेइतके भरले आणि पाणी कायम असा शेरा मारला. त्या शेऱ्यामुळेच वाट नदीकाठच्या खालच्या रस्त्याने न जाता आपल्याकडून गेली. नाहीतर मुक्काम अठरा आणि एकोणीस झालेच नसते, बाबांना रखवाली आणि ते घर मिळाले नसते.

हे लिहून मी पत्र बंद केले होते. आज सकाळी पुन्हा उघडले.

मी आठ वर्षांचा असेन. बाबा अंघोळीला बसले होते आणि मी पाठीवर पाणी घालत होतो. त्यांच्या दोन्ही खांद्यांवर तळहाताएवढे घट्टे होते, एक सोललेला. मी विचारले तर म्हणाले, चुना जड असतो. त्यावर्षी मोजणीचे साहेब येऊन गेले होते. तेव्हा आपल्याकडे खेचर नव्हते, फक्त कावड होती. एवढी वर्षे हे आठवले नाही, आणि आता डोळ्यांपुढून हलत नाही.

धाकटे, मी काय काय केले ते सांगतो. छापखान्यात गेलो. दोन हजार प्रती केव्हाच वाटेवर गेल्या, स्टेशनांवर, दुकानांत, प्रत्येक मुक्कामात. शुद्धिपत्र पुढच्या आवृत्तीत लावू म्हणाले. मुलीला जिथे गाडीरस्ता पोचतो त्या मुक्काम चौदाला पत्र टाकले, ते पुढे गेली असा शेरा घेऊन परत आले. खात्यालाही कळवले. तिथून उत्तर आले की मेच्या मध्यावर अधिकारी येऊन मोजणी करील, आणि टाके कोरडे आढळल्यास वाट खालून वळवून दोन्ही मुक्काम बंद करण्यात येतील. तुमच्या डोक्यावरचे छप्पर खात्याचे आहे हे मला पत्र टाकल्यावर सुचले. मला क्षमा कर.

माझे गुडघे तुला माहीत आहेत. मला स्वतः यायला दोन दिवस लागतील, आणि आल्यावर मी खिंडीत काय चढणार? मुलीसाठी काही करता आले तर तूच कर.

प्रेम आहेच, ते मागायची आज हिंमत नाही.

दादा

•

मुक्काम एकोणीस,
ता. २५ एप्रिल

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. ही चिठ्ठी मी तिघांबरोबर तीनदा लिहून देते आहे. शाळेत शिक्षा झाल्यावर लिहायचे तसं.

खिंडीतल्या टाक्यात पाणी नाही. पुस्तकात आहे, टाक्यात नाही. अठराहून निघताना सहा बाटल्या घे. जड होतील तर कपडे टाकून दे, वही टाकून दे, बापाचं पुस्तक तर आधी टाकून दे. बरोबर जे असतील त्यांनाही सांग. अठराच्या बाईलाही सांग. ती माझ्यावर वीस वर्षं चिडून आहे ती घोंगड्यांवरून, त्याचा पाण्याशी संबंध नाही म्हणावं.

मी थट्टा करत नाही. मला थट्टा करता येत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

सुखरूप ये, मग हवा तेवढा लोभ करू.

आत्या

•

मुक्काम अठरा,
ता. ३ मे

ती. आत्यास,

सा. न. तुझी चिठ्ठी मिळाली! तिघांतले एक जण पडका किल्ला बघायला गेले ते तिकडचेच झाले, दुसऱ्यांनी चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात ठेवून सदरा धुतला. तिसऱ्या त्या दातांच्या डॉक्टरीणबाई, तुझ्याकडून चार दिवस उशिरा निघालेल्या. त्यांनी मात्र काल नीट हातात दिली.

पण आत्या, गंमत ऐक. मी चिठ्ठी वाचून जाम घाबरले, बाटल्या गोळा करायला लागले, तर डॉक्टरीणबाईच म्हणाल्या की कसलं कोरडं? त्या परवा तिथून आल्या, टाक्यात वीतभर पाणी होतं. त्यांनी तोंड धुतलं, मोजे धुतले, बरोबरच्या मंडळींनी पाय बुडवून फोटो काढले. डब्याचा थोडा वास येत होता, पण थंडगार होतं म्हणे. अठराच्या बाई म्हणाल्या की त्यांच्या सासऱ्यांपासून इथून कुणी पाणी लादून नेलं नाही. मग सगळे हसले आणि मीसुद्धा. काकांच्या आजारपणात तू एकटी पडली आहेस, जिवाला घोर लावून घेतेस, ते मला कळतं गं.

आम्ही आता आठ जण झालो आहोत. शाळेतले एक जाडे मास्तर आहेत, औषधाच्या दुकानातल्या एक बाई, दोघी बहिणी, असे. मी सगळ्यांना पुस्तक वाचून दाखवलं. बाटली एकेकच. सहाला पहाटे निघू, सातच्या दुपारी टाक्यावर. ही चिठ्ठी आजच पुढे निघालेल्या दोन सायकलदुरुस्तीवाल्या भावांबरोबर देते, ते पाच तारखेला तुझ्याकडे पोचतील. तू फक्त चूल पेटवून ठेव.

तुझी लाडकी आणि हट्टी,
भिंगरी

•

मुक्काम एकोणीस,
ता. ८ मे

ती. बाबांस,

सा. न. आम्ही पोचलो. सगळे आहोत. हे आधी लिहिते, कारण तुम्ही शेवटची ओळ आधी वाचता.

बाबा, डॉक्टरीणबाईंनी पाहिलं ते पाणी आत्याने नेलेलं होतं. मला चिठ्ठी दिल्यावर तिला राहवलं नाही म्हणून ती स्वतःच दोनदा कावड घेऊन पाच तासांचा चढ चढली. जे येतील त्या वाटसरूंना काकांपाशी बसवून. म्हणजे तिने माझ्यासाठी पाणी ओतलं, त्यात लोकांनी मोजे धुतले, आणि ते मोजे बघून मी तिच्या चिठ्ठीला हसले.

काल सकाळी दहालाच आमच्या बाटल्या संपल्या. तोवर गाणी चालली होती. मग गाणी थांबली, मग बोलणं. दोनशे नव्वदाव्या दगडापुढे मी बाकीच्यांना सांगत होते, फक्त थोडं राहिलं, तिथे हवं तेवढं आहे. औषधवाल्या बाई आधी उलट्या करायला लागल्या, मग खाली बसल्या त्या उठेचनात. मास्तरांनी त्यांना पाठीवर घेतलं. मी पुढे पळत गेले, काय बघायला तेच कळत नव्हतं. मनात म्हणत होते की असू दे, असू दे.

टाक्याच्या कठड्यावर आत्या बसली होती. हातात डाव, डोक्याला ओला फडका, दोन डबे पायांत धरलेले. माझ्या चिठ्ठीतली तारीख बघून ती काल पहाटेच निघून वर आली होती आणि पाणी टाक्यात ओतलं नव्हतं, अंगाखाली घेऊन बसली होती. तिने मला एक मुस्काटात दिली. मग पाणी दिलं. प्रत्येकाला चार डाव, औषधवाल्या बाईंना मांडीवर घेऊन चमच्याने. मास्तर दुसऱ्यांदा पुढे आले तर त्यांच्या हातावर डाव बसला. तिच्या खांद्याची चामडी निघाली आहे. मला बघू देत नाही.

रात्री जेवताना तिने सगळ्यांना खरं ते सांगितलं. आजोबा, काका, डबे, चुना. मास्तरांचे डोळे भरून आले. नंतर बघते तर ते वहीत लिहीत होते, खिंडीतल्या टाक्याबद्दल एक सुंदर दंतकथा सांगतात की, वगैरे. मी वही ओढून घेतली.

मला तुमच्यावर रागावता येत नाही, कारण पुस्तक मी वाचून दाखवलं होतं. औषधवाल्या बाईंना ताकद येईपर्यंत आम्ही इथे थांबतो आहोत. आत्यासाठी काहीतरी करायचं आहे. काय ते बघू.

तुमची,
भिंगरी

•

मुक्काम एकोणीस,
ता. १७ मे

ती. दादास,

नमस्कार. तुझी पोर हाडामासाने धड आहे, जेवते आहे, रोज ह्यांना पुस्तकातल्या चुका वाचून दाखवते. तेवढ्यापुरता तू निर्धास्त राहा. आता माझं ऐक.

खात्याचं पत्र ह्यांच्या नावाने आलं, तेरा तारखेला खालच्या ऑफिसात साहेबाला घ्यायला हजर राहा म्हणून. मी कुणाला काही बोलले नाही. मनाशी ठरवलं होतं की खरं सांगायचं. वाट खालून जाऊ दे, घर जाऊ दे. त्या बाईला पाठीवर टाकून आणलेलं मी पाहिलंय दादा, तिचे डोळे वर गेले होते. पोरीला म्हटलं मी खाली सामान आणायला जाते, दोन दिवसांनी येते, काकांकडे बघ.

साहेब तरणा, चांगला होता. त्याला मी सगळा रस्ता सांगत आणलं. बाबांनी भरलं, ह्यांनी भरलं, माझ्याने होत नाही, ते टाकं कोरडं आहे, लिहा आणि मोकळे व्हा. तो हो हो करत होता. एक रात्र खाली, एक रात्र इथे. घरात ह्यांच्यापाशी नुसती औषधवाली होती, बाकीचे पडका किल्ला बघायला गेलेत म्हणाली. पंधराला आम्ही वर गेलो.

टाकं काठोकाठ भरलेलं होतं.

मी खाली गेले त्या दोन दिवसांत तुझी पोर खाणवाल्याकडून खेचर मागून आली होती. ती आणि ते जाडे मास्तर आणि बाकीचे, दोन दिवस, माणशी दोन खेपा. औषधवाली ह्यांच्यापाशी बसली होती. मला सांगायचं नाही असं ठरवलेलं. आत्याला आराम मिळेल, पुढचे पंधरा दिवस तिला वर चढावं लागणार नाही म्हणून. आम्ही वर पोचलो तेव्हा पोर कठड्यावर बसून पाय हलवत होती, आणि मला बघून असं हसली की काय सांगू. लहान असताना हातात मार्कांचा कागद घेऊन यायची तसं.

साहेबाने माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. मी म्हटलं, हे या पोरीने भरलंय. पोरीला काही कळेना, पण ती पण म्हणाली की हो, आम्हीच भरलंय. साहेब म्हणाला, बाई, तुमच्या घरात आजारपण आहे, तुमच्या मनाची अवस्था मी समजू शकतो. पण सात-आठ हौशी माणसांनी एवढं भरणं शक्य दिसत नाही, आणि असलं तरी मला काठी दाखवते तेच लिहावं लागतं. काठी घातली. कमरेइतकं. जुन्या नोंदीशी बरोब्बर जुळलं म्हणून त्याला कोण आनंद झाला! तिथेच दगडावर कागद ठेवून त्याने लिहिलं, पाणी कायम.

आता तुला एक सांगते ते पुस्तकात घालू नकोस. मी आणखी ओरडू शकले असते. त्याला खाली चार मुक्काम पुरेल एवढा माझा आवाज आहे, तुला माहीत आहे. टाकं उपसून दाखवते, आठ दिवस बसा आणि बघा परत भरतंय का, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलं होतं. पण त्याने कागद लिहायला घेतला आणि मला ह्यांची खाट दिसली, खिडकीखालची. ती कुठे नेऊन ठेवणार होते मी? तुझ्या दोन खोल्यांत? मी गप्प बसले. त्याला वाटलं बाई समजुतीत आली. खाली आल्यावर ह्यांना सांगितलं की टाकं भरलेलं निघालं, वाट राहिली, घर राहिलं. विचारलं, बरं झालं ना? हात दाबला नाही आणि सोडलाही नाही. नुसता माझ्या हातात राहिला.

पोरीला मागाहून सगळं कळलं तेव्हा ती दिवसभर मोरीत बसून रडली. मी तिला काय बोलणार? तिने चांगलंच केलं होतं. तिला मी थांबवून घेणार नाही. ती उद्या वीसकडे निघते, बाकीचेही निघतात, खेचर खाणवाल्याकडे परत जातं. काल पलीकडून अकरा माणसं आली, सगळ्यांच्या हातात तुझं पुस्तक, सगळ्यांचे मोजे धुतलेले. अकराच्या अकरा मला म्हणाली, काय सुंदर पाणी आहे हो तुमच्याकडे. टाक्याला चार बोटं उतार पडलाय. अठराच्या बाईला निरोप धाडलाय, ती ऐकेल असं नाही. पाटी लावली तर साहेबाचा कागद तिच्यावर भारी.

पाऊस पडेपर्यंत अजून सात आठवडे आहेत. बुधवारी आणि शनिवारी मला वर जावं लागेल, पहाटे निघून संध्याकाळी परत. तेवढा वेळ ह्यांच्यापाशी घरचं माणूस हवं, वाटसरूंच्या हवाली किती दिवस करू? त्यांना पाणी पाजायचं, कुशीवर वळवायचं, हात हातात धरायचा, आणि दाबला की काय विचारलं होतं ते लक्षात ठेवायचं. त्याला गुडघे लागत नाहीत.

तू ये. लोभ वगैरे असेल तो बरोबर घेऊनच ये, कागदावर धाडू नकोस. मंगळवारी इथे पोचेल त्या गाडीने ये, म्हणजे बुधवारी मला निघता येईल.

धाकटी